अण्वस्त्रापेक्षा दुर्मीळ दाढ

"दाबू नकोस! कटरला कापू दे, तू नुसतं धर!" पप्पा माझ्या डोक्यावर उभं राहून ओरडत होते. आवाज असा, की सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगीत तीन मजले खाली कुणी फोडणी देत असेल, तर तीही करपली असेल.

मी दाबत नव्हते. फारच थोडं दाबत होते. डायनिंग टेबलावर सेकंडहँड मोटर किंचाळत होती, प्लास्टरच्या ठोकळ्यात एक किडकी दाढ बसवली होती आणि तिच्या डोक्यावर मला फिलिंगसाठी सुबक चौकोनी खड्डा कोरायचा होता. माझे खड्डे चौकोनीच निघायचे, पण महानगरपालिकेने खोदल्यासारखे. दुसऱ्या दिवशी डेंटल कॉलेजची प्रॅक्टिकल परीक्षा होती.

पप्पा ओझरला विमानाच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. त्यामुळे दात, कांदा, सून निवडणं, सगळ्याला मायक्रोमीटर लावायचा त्यांना परवाना मिळालाय, असा त्यांचा समज. दुसऱ्याच्या तोंडात कधी बोट न घातलेला माणूस मला दात शिकवत होता. त्यांच्या मते विमानाच्या पंखाला मी भोक पाडलं असतं, तर ते विमान आडगावलाच शेतात उतरलं असतं. मी म्हटलं, पंखाला जीभ नसते, लाळ नसते, आणि पंख मध्येच "थांबा, थुंकायचंय" म्हणत नाही. यावर त्यांनी नाकातून हवा सोडली. तीस वर्षांत त्यांनी एवढा एकच प्रतिवाद शिकून ठेवला होता.

आता परीक्षेला दात आपापला न्यायचा असतो, आणि तोही धडका. लोक दाढ काढून घेतात ती सडल्यावर. चांगली दाढ कोण देतं? मी दोन महिने नाशिकभर दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या. डॉक्टर मला लांबून बघूनच शटर ओढायचे. शेवटी हरसूलला दवाखाना टाकलेल्या एका सीनियरने दिली. मिश्री लावणाऱ्या एका आजीची होती. हिरडी पार गेलेली, दाढ मात्र गोटीसारखी. ती एकुलती एक दाढ मी जॅमच्या बरणीत पाण्यात ठेवली होती, आणि आईला बरणीच्या दोन हात जवळ यायलाही मनाई होती. पप्पांना मनाई करायचं मला सुचलं नाही. मूर्खपणा तो माझा.

"सडक्या मालावर हात कसा बसणार?" म्हणत त्यांनी बरणीतून ती दाढ काढली. सरावासाठी नाही, नुसती पकडून दाखवतो, म्हणाले. प्लास्टरचा ठोकळा त्यांना पहिल्यापासून पोरखेळ वाटायचा. मोठ्या डौलात ते तिला गॅलरीत घेऊन गेले. तिथे लाकडी बाकाला त्यांची लोखंडी पकड ठोकलेली होती, वाइस म्हणतात ती. माझ्या लग्नात मला आंदण द्यायचा त्यांचा विचार असावा, इतकी ती जपलेली. दाढेला ओरखडा नको म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमच्या पट्ट्या लावल्या. ओरखडा नको म्हणे! मी बॅटरी धरून उभी होते. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, बसते आहे छान.

"बघ, हलते का?" ते म्हणाले. खरंच हलत नव्हती. तेवढ्यात त्यांनी दांड्याला आणखी अर्धा आटा दिला.

कट् झालं. दाढ उभी चिरली. एक फाक पट्टीला चिकटून राहिली, दुसरी कुंडीतल्या तुळशीत पडली.

मग मी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही, पण खालच्या मजल्यावरच्या काकू अजून मला लिफ्टमध्ये "बेटा" म्हणत नाहीत. पप्पा मात्र तुळशीत वाकून ती फाक शोधत राहिले, जणू दोन्ही फाका सापडल्या की वेल्डिंग करून देणार होते.

परीक्षेला मी त्यातल्या त्यात कमी किडकी दाढ नेली. परीक्षकांनी माझ्या खड्ड्यात सळई घातली, ती जातच राहिली. पाणी लागतंय का ते बघत असावेत. थेट दाताच्या नसेपर्यंत भोक पाडलं होतं मी. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पप्पा त्यांच्यापुढे प्रेमळ वाटावेत.

निकालाच्या दिवशी घरात शिरताच मी जाहीर केलं, नापास झाले, आणि कुणामुळे तेही बिल्डिंगभर ऐकू जाईल असं सांगितलं. आई म्हणाली, पाणी तरी पी. पप्पा जेवत होते. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, खाल्ला.

"परत कधी आहे?"

"सहा महिन्यांनी."

"मग ह्या वेळी दोन दाढा आण," ते म्हणाले.