समाजमंदिरातला आईचा तास

लहान लेकरांच्या सात आया एका ठिकाणी जमल्या की किस्से शोधावे लागत नाहीत. घडी घालायच्या कपड्यांसारखे ते आपोआप साचतात. आजचे आवरावेत, तर उद्याचे येऊन पडलेलेच!

मी सहा वर्षं बेंगळुरूला मानसशास्त्र शिकले आणि डोणगावला परत आले, ते एक गोष्ट पक्की ठरवून. आई झाली म्हणून बाईचं स्वतःचं शिकणं थांबता कामा नये. माझं आजही तेच मत आहे. समाजमंदिराची चावी मिळवली आणि रोज चार ते पाच 'आईचा तास' सुरू केला. त्या तासात लेकरं बापांनी सांभाळायची.

पहिलं नाव माझ्या रेखावहिनीचं. घरात चार वर्षांचा चिनू, दीड वर्षाची गुड्डी, आणि वहिनीनं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसायचं ठरवलेलं. माझ्या आईनं, म्हणजे तिच्या सासूनं, अट घातली.

"पाह्यते मी. लेकरायची आबाळ दिसली, की हा तासही बंद अन् परीक्षाही बंद!"

* * *

पहिल्या दिवशी मी तळमळीनं अर्धा तास बोलले. स्वतःसाठी वेळ काढा, स्वतःवर प्रेम करा, वगैरे.

मागून शोभानं हात वर केला. शोभा आमच्या गल्लीतलीच, पाच वर्षांच्या पोराची आई.

"ताई, तुमाले लेकरं किती?"

"माझं अजून लग्नच नाही झालं."

"मंग बरोबर आहे. बोला, बोला, तुमाले टाइम आहे!"

* * *

मग मी योगासनांवर आले. ताडासन. "दोन मिनिटं डोळे मिटून अगदी स्थिर उभं राहायचं," असं सांगितलं. सगळ्यांनी डोळे मिटले. पाहते तर काय, सातही जणी डावीकडून उजवीकडे संथ डुलताहेत! कडेवर लेकरू असल्यासारख्या!

"स्थिर!" मी ओरडले.

"स्थिरच आहो आम्ही," वहिनी डोळे न उघडता म्हणाली.

शोभा तर डुलता डुलता शेजारणीच्या पाठीवर थोपटत होती. शेजारीण उभ्या उभ्या झोपली होती!

* * *

एकदा मी सोपा गृहपाठ दिला. उद्या एक कप चहा गरम असताना प्यायचा. लेकराचं सगळं आवरून मग गार प्यायचा नाही. बस, एवढंच!

दुसऱ्या दिवशी शोभा तोंडाशी पदर धरून बसलेली. बोलेचना.

"काय झालं गं?"

"पाच वर्सांनी गरम चहा घेतला ताई. जीभ पोळली. सवयच राह्यली नाही!"

* * *

मी बेंगळुरूहून मोठे कागद आणि रंगीत पेनं आणली होती. एका कागदावर लिहिलं, 'पाच वर्षांनी मी स्वतःला कुठे पाहते?' वहिनीनं लिहिलं, 'पदवीच्या शेवटच्या वर्षाला.' माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. कागद हातात घेऊन मी सगळ्यांना दाखवला.

पुढचा कागद उचलला. त्यावर होतं, 'बाथरूममध्ये. एकटी. कडी लावून.'

बाकीच्या पाच जणींनी आपापलं खोडलं आणि तेच लिहिलं!

* * *

तासाला येताना सगळ्यांचे फोन एका स्टीलच्या डब्यात ठेवायचा नियम होता. तिकडे बाप मंडळी देवळाच्या पारावर लेकरं घेऊन बसलेली असायची. एके दिवशी डबा वाजायला लागला. शोभानं फोन स्पीकरवर घेतला. तिचा नवरा गजानन रडकुंडीला आलेला.

"अवं, पोट्टं चूपच बसून नाही राह्यलं! काय करू?"

"कडेवर घ्या."

"कडेवरच आहे. लाथा मारून राह्यलं!"

"निळ्या शर्टाचंच घेतलं ना?"

"नाही... पिवळा शर्ट आहे."

"अहो, आपलं निळ्या शर्टाचं आहे! हे कोणाचं उचललं?"



"तरीच! मघापासून मले काका म्हणून राह्यलं!"

ही बातमी आईपर्यंत पोचायला दहा मिनिटंही लागली नाहीत. ती वहिनीला म्हणाली, "अजून एकदा असं झालं, की फॉर्म चुलीत!"

* * *

पुढच्या बाजाराच्या दिवशी एकही बाप मोकळा नव्हता. म्हणून लेकरं मीच सांभाळली. शेवटी शिक्षण कशासाठी घेतलं! चिनूनं माझं पुस्तक भिरकावलं. मी रागावले नाही. खाली बसले, त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"चिनू, तुला राग आलाय ना? किती आलाय, आत्याला दाखव बरं."

त्यानं दाखवला. दातांचे व्रण चार दिवस दंडावर होते.

आई हळद लावता लावता म्हणाली, "हे बेंगळुरूले शिकवतात?"

दुसऱ्या दिवसापासून लेकरं सांभाळायला ती स्वतः येऊन बसली. "सुनेसाठी नाही आली मी," तिनं सगळ्यांना बजावलं. "लेकरं वाचवाले आली!"

* * *

परीक्षा आली. अर्थशास्त्राच्या पेपराला तालुक्याच्या गावी गुड्डीला घेऊन आईही आमच्याबरोबर निघाली. जाता जाता अट होतीच. "हे रडलं अन् चूप नाही बसलं, तर पेपर सोडून बाहेर यायचं."

अडचण एकच होती. वहिनीनं वर्षभर गुड्डीला मांडीवर थोपटत, चालीवर म्हणत अर्थशास्त्र पाठ केलेलं. त्यामुळे मागणीचा नियम कानावर पडल्याशिवाय गुड्डी झोपत नसे!

शिपायाला दया आली. त्यानं आम्हाला व्हरांड्याच्या टोकाला बसू दिलं. मी दुधाची बाटली धरून, आई गुड्डीला मांडीवर घेऊन. अर्धा तास बरा गेला. मग गुड्डीनं भोकाड पसरलं. दूध नको, खुळखुळा नको. शेवटी आईनं चाल धरली.

"किंमत वाढली, मागणी वाढली, झोप वं माय..."

गुड्डी दुप्पट रडायला लागली. आईनं आवाज चढवला. गुड्डीनंही चढवला. आता वहिनी उठून बाहेर येणार!

वहिनी आली नाही. वर्गाच्या खिडकीतून सासूला नुसती हाक आली.

"आत्याबाई, कमी होते! किंमत वाढली की मागणी कमी!"

"हाव, हाव," असं म्हणून आईनं नीट म्हटलं. गुड्डीनं एक हुंदका दिला आणि डोळे मिटले.

नेमके तेव्हाच भरारी पथकाचे साहेब जिना चढून वर आलेले. ते जागीच थिजले.

"कॉपी बाहेरून आत जाताना लय पकडली," ते म्हणाले, "आतून बाहेर जाताना पहिल्यांदाच पाह्यली! कोण ती परीक्षार्थी? तिचा पेपर—"

आईनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल बे! आत्ताच झोपली."

साहेबांनी गुड्डीकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. मग वाकून बूट काढले, हातात घेतले आणि चवड्यांवर पुढच्या वर्गाकडे गेले.

आतून वहिनीचा आवाज आला. अगदी कुजबुजता.

"सर, पुरवणी."