मधल्या भिंतीचं पोट

भिंतीवर सोडलेल्या ओळंब्याच्या दोऱ्यामागे मंगळवारी एक बोट फट होती. बुधवारी दीड. गुरुवारी सकाळी दिपमालानं हात घातला तर दोन बोटं सहज आत गेली आणि तिसरंही टेकलं. तिनं हात मागे घेतला आणि पदराला पुसला. हाताला ओल लागली होती.

शिरपूरच्या त्या गल्लीत दिपमालाचं घर धाब्याचं. लाकडी कड्या, वर मातीचा थर, आणि दर उन्हाळ्यात गळती थांबावी म्हणून त्यावर अजून एक पाटी माती. सासऱ्यांनी टाकली, मग प्रेमराजनं टाकली. शेवटी कड्या वाकायला लागल्या तेव्हा नवराबायकोनं ठरवलं, मागच्या खोलीचं धाबं उतरवून स्लॅब टाकायचा. प्रेमराज भुसावळला रेल्वेत. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. त्यामुळे काम बघायचं दिपमालानंच.

उखर्डू मिस्तरीनं चार कोपऱ्यांत कॉलम उभे केले, स्लॅब ओतला, वर मातीचं आळं घातलं. "पाणी कमी पडू देऊ नका," एवढं सांगून तो भाचीच्या लग्नाला गेला. दिपमालानं पाणी कमी पडू दिलं नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ. बायबल वाचायला एक दिवस उशीर होईल, पण स्लॅबला पाणी चुकणार नाही. ते पाणी स्लॅबच्या कडेनं हळूहळू मधल्या भिंतीत उतरतंय, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. दोन्ही घरांची ती एकच भिंत, जुन्या पांढऱ्या मातीची. कड्या काढल्यावर तिचा माथा मोकळा झालेला. आणि भिंतीपलीकडे शेजारची म्हातारी सज्जनबाई.

उखर्डू मंगळवारी परत आला. त्यानं भिंतीवर हात फिरवला, वर खिळा ठोकून ओळंबा सोडला आणि दोऱ्यामागे बोट घालून बघितलं.

"भितनी पोट काढेल शे, ताई. तिकडनी बाजूले."

"म्हणजे पडेल?"

"आते पाणी बंद. बठ्ठं बंद. मी टेकूले बल्ल्या लई येस, दोन दिन लागतीन. शेजारन्या अक्काले आजच सांगी द्या. त्या भितजवळ बसतस."

दिपमालानं मान हलवली. आणि सांगितलं नाही.

काम सुरू व्हायच्या आधीच सज्जनबाई ओट्यावर उभी राहून म्हणाली होती, "माझ्या भिंतीला खरचटलं ना दिपमाला, तर नगरपरिषदेत अर्ज टाकीन. काम बंद." गल्लीत एकानं हसत विचारलंही होतं, "काय वहिनी, चर्च बांधताय की काय?" बुधवारी चार बाया प्रार्थनेला जमायच्या, तेवढ्यावरून. त्या दिवशी दिपमालाही हसली होती. पण गल्लीत ख्रिस्ती घर तेवढं एकच. एकदा काम बंद पडलं की ते पुन्हा कोण सुरू करू देणार?

तिनं प्रेमराजला फोन केला. तो म्हणाला, "घाबरू नको. प्रार्थना कर. शनिवारी येतोच मी."

तिनं प्रार्थना केली. भांडी घासताना केली, भाकरी थापताना केली. भिंतीला दोन्ही तळहात टेकवून केली. "प्रभू, ही भिंत धरून ठेव. उखर्डू येईपर्यंत धर. कोणाला कळू देऊ नको." दर वेळी प्रार्थना झाली की ती दोऱ्यामागे बोट घालून बघायची.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास ती पुन्हा तशीच उभी राहिली. डोळे मिटलेले, हात भिंतीवर. भिंतीच्या पोटातून बारीक सर्र आवाज आला, धान्याच्या पोत्याला भोक पडल्यासारखा. आणि लगेच पलीकडून सज्जनबाई खोकली. खोकला इतक्या जवळून आला की जणू तिच्या तळहाताखालीच.

दिपमालानं डोळे उघडले. तिचे हात भिंतीवर दाब देत होते. सज्जनबाईच्या बाजूला.

विस्तव लागावा तसे तिनं हात मागे घेतले आणि अनवाणीच बाहेर पळाली.

सज्जनबाईचं दार नुसतं लोटलेलं होतं. मुलगा-सून दुकानावर. आतल्या खोलीत, भिंतीला पाठ करून, म्हातारी सामायिकाला, जैनांच्या ध्यानव्रताला, बसलेली. खाली लोकरी आसन, तोंडावर पांढऱ्या कापडाची मुहपत्ती, समोर वेळ मोजायची रेतीची घडी. एकदा बसलं की अठ्ठेचाळीस मिनिटं आसन सोडायचं नाही, संसाराचं बोलायचं नाही, हे तिचं व्रत गल्लीला पाठ होतं. दिपमालानं घडीकडे बघितलं. अर्धी रेतीसुद्धा खाली गेली नव्हती.

"काकी, उठा. भिंत तुमच्या अंगावर येतेय."

सज्जनबाईनं हात वर केला. थांब.

"थांबायला वेळ नाही हो! माझं पाणी मुरलंय तिच्यात. पोट काढलंय तिनं. बघा तरी मागे!"

म्हातारीनं मान वळवून बघितलं. हिरव्या रंगाखाली भिंत फुगलेली होती आणि मधोमध केसासारखी एक भेग नुकतीच उमटली होती. सज्जनबाईचे डोळे मोठे झाले. जपाची माळ थांबली. पण ती उठली नाही.

दिपमालाला वाटलं, हिला सरळ बखोटीला धरून ओढावी. मग वाटलं, पळून जावं. "प्रभू, मी काय करू?" ती मोठ्यानं म्हणाली.

सज्जनबाईनं आसनाचं टोक बोटानं दाखवलं. मग दार दाखवलं. मग पुन्हा आसनाचं टोक.

"ओढू? बसल्या बसल्या?"

मान हलली. दिपमालानं वाकून टोक धरलं, तेवढ्यात म्हातारीनं तिच्या मनगटावर टिचकी मारली आणि मांडीजवळची पुंजणी, लोकरीची छोटी झाडणी, तिच्या हातात दिली. खुणेनं सांगितलं, आधी फरशी झाड. मुंगी चिरडेल.

भिंतीतून माती गळतेय आणि आपण मुंग्यांसाठी फरशी झाडतोय, हे दिपमालाला पुढे कितीतरी दिवस खरं वाटलं नाही. पण झाडली. हातभर पुढे झाडायची, हातभर आसन ओढायची, पुन्हा झाडायची. सज्जनबाई किडकिडीत, फरशी गुळगुळीत, तरी ते अंतर संपता संपेना. मागे टपटप माती पडत होती. दिपमाला वर बघत नव्हती.

ओसरीत पोहोचल्यावर तिनं पुन्हा आत धाव घेतली, रेतीची घडी उचलून आणली आणि म्हातारीसमोर ठेवली. उरलेली रेती दोघींनी बघितली.

सामायिक पुरं झालं. सज्जनबाईनं पाठ म्हणून मुहपत्ती सोडली आणि दुमडून ठेवली.

"कधीपासून माहिती होतं?"

"मंगळवारपासून. उखर्डूनं ओळंबा सोडला तेव्हापासून."

"आज गुरुवार. मला सांगायला म्हणाला होता उखर्डू?"

"हो."

"मग?"

"भ्याले, काकी. काम बंद पाडाल म्हणून."

"पाडलंच असतं." सज्जनबाईनं आसन गुंडाळायला घेतलं. "आणि दोन दिवस काय केलंस मग?"

"प्रार्थना."

"काय मागितलंस?"

"भिंत राहू दे म्हणून."

"आणि मी?"

दोन दिवसांच्या प्रार्थनेत भिंत होती, स्लॅब होता, नगरपरिषद होती, प्रेमराजचं येणं होतं. सज्जनबाईचं नाव एकदाही नव्हतं. ती मान खाली घालून बसली. त्या प्रश्नाची वाटली एवढी भीती तिला भिंतीचीही वाटली नव्हती.

बाराच्या सुमारास उखर्डू दोन माणसं आणि हातगाडीवर लाकडी बल्ल्या घेऊन आला. त्यानं सज्जनबाईच्या खोलीत डोकावलं आणि ओरडला, "आठे कोणी येऊ नका! अक्काले बाहेरच बसाडा!" पहिली बल्ली भिंतीला तिरकी लागली. पाचर ठोकायचा पहिला घाव बसला तसा ताटाएवढा पोपडा सुटून खाली आदळला, जिथे मघाशी आसन होतं तिथेच. धूळ ओसरीपर्यंत आली.

सज्जनबाईनं दिपमालाचं मनगट धरलं. नखं रुतली.

"आता कर ना प्रार्थना," ती म्हणाली. "आणि आता तरी माझं नाव घे."

आत उखर्डू हळू आवाजात माणसाला सांगत होता, धर, सोडू नको, सोडू नको.

"प्रभू," ती म्हणाली, "ह्या सज्जनबाई..."

दुसरा घाव बसला. दोघींनी डोळे गच्च मिटले.