नकाशातली विहीर

मित्रहो, आज प्रदर्शनात चहा इतक्या इवल्याशा कपात मिळाला की त्याला आचमनच म्हणावं लागेल. तीव्र निषेध!

सोलापुरात विद्यापीठाच्या वैद्यकीय इमारतींचे जुने नकाशे मांडले होते. एकात प्रसूती विभागाच्या जागी विहीर दिसली. नंतरच्या नकाशात ती गायब.

"बुजवली असेल," मी म्हणालो.

शेजारी उभे असलेले एक म्हातारे गवंडी हसले. "कुटली बुजवली सर? नुसता वर स्लॅब टाकला की. मीच टाकला. सायबांना लई घाई हुती."

"म्हणजे खाली पोकळच?"

"व्हय."

माझी मुलगी बाळंतपणासाठी कालपासून तिथंच, तळमजल्यावर आहे. सकाळी तिनं फरशीला गेलेली भेग दाखवली, तेव्हा मी तिची थट्टा केली. आता मला भीती वाटते आहे.