साडूंच्या गाडीतली मोठी स्क्रीन

चाकाचा शोध आणि आमच्या साडूंच्या गाडीतली स्क्रीन, या दोहोंच्या मधल्या काळात मानवाने प्रवासाच्या बाबतीत नाव घेण्यासारखं काहीही केलेलं नाही. हे मत मी विचारांती बनवलेलं नाही. लातूर ते रेणापूर या रस्त्यावर ते मला रोज जाताना एकदा आणि येताना एकदा ऐकवलं जातं, आणि गाडी चालवणाऱ्याशी वाद घालू नये एवढी अक्कल मला आहे. साडू रेणापुरात सरकारी कचेरीत आहेत, मी तिथल्या कॉलेजात शिकवतो. आमच्याकडे याला ‘अप-डाऊन करणं’ म्हणतात. साडू मात्र गाडी घेतल्यापासून त्याला ‘ड्राइव्ह’ म्हणतात.

गाडीबरोबर मिळालेली स्क्रीन वहीएवढी होती. ती साडूंना अपमानास्पद वाटली. ते मला घेऊन गाड्यांची सजावट करणाऱ्या दुकानात गेले आणि एकेक स्क्रीन पाहून ‘याहून मोठी?’ असं विचारू लागले. शेवटी दुकानदार चाचांनी हात जोडले. “साहब, इससे बडी होना तो फिर सामने की काच निकालके वहां लगाना पडता.” साडूंनी या सूचनेवर, मी शपथेवर सांगतो, क्षणभर विचार केला. मग ज्या होत्या त्यांतली सगळ्यात मोठी बसवली. तिच्यामुळे एसीच्या दोन तोंडांपैकी एक झाकलं गेलं आणि देव ठेवायची जागा गेली. गणपती आता डॅशबोर्डच्या खणात, हातरुमालांशेजारी असतो. स्क्रीनवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. “ओरखडे पडतेत,” असं साडू म्हणतात. त्या प्लास्टिकवर इतके ओरखडे पडले आहेत की नकाशातला कुठला रस्ता आणि कुठला ओरखडा हे सांगणं कठीण जातं.

हो, नकाशा. ज्या रस्त्यावर साडूंनी उमेदीची वर्षं घालवली, ज्याचा प्रत्येक खड्डा त्यांना चुलतभावासारखा माहीत आहे, त्या सरळसोट रस्त्याला रोज नकाशा लावला जातो. गाडीत बसताच त्यांच्या खिशातला फोन वायरीशिवाय स्क्रीनला जोडला जातो आणि एक बाई ‘सरळ चला’ असं सांगू लागते. साडू मान डोलावतात. “बघा पाहुणं, वायर न्हाई, काय न्हाई. आपोआप!” हे ‘आपोआप’ ते अशा थाटात म्हणतात की जणू मधल्या हवेची व्यवस्था त्यांनीच केली आहे. एकदा त्या बाईने पुढे गर्दी आहे असं सांगून आम्हाला कच्च्या वाटेला लावलं. वाट एका तुरीच्या रानात जाऊन संपली. रानाचा मालक बांधावरून आमच्याकडे पाहत होता. “कुठं चाललाव, मालक?” “रेणापूरला.” “मग सडक काय वाईट होती?” साडूंनी त्याला स्क्रीन दाखवली. त्याने ती आदराने पाहिली आणि म्हणाला, “हाव, पर ही तर माझी तूर हाय.”

संताप आणणारी खरी गोष्ट नकाशा नव्हे, फोन. साडूंना आलेला प्रत्येक फोन गाडीच्या चारही कोपऱ्यांतून ऐकू येतो. आवाज कमी करता येतो, पण मग एवढे पैसे कशाला घातले, असा त्यांचा प्रश्न असतो. रेणापूर नाक्यावर एकदा काच खाली करून आम्ही उभे असताना औषधाच्या दुकानातून फोन आला आणि सगळ्या चौकाला कळलं की साहेबांचं मूळव्याधीचं मलम आलं आहे. शेजारच्या मोटारसायकलवरच्या अनोळखी माणसाने खिडकीत वाकून मनापासून सांगितलं, “काका, सुरण खावा. माझ्या मेव्हण्याला लई गुण आला.” साडूंनी त्याचे आभार मानले. मी बाहेरच्या बाजूला तोंड केलं. तिकडच्या रिक्षावाल्याने मला विचारलं, “तुमालाच हाय का?”

पण एवढ्यावर मी चिडत नाही. माणसाला खेळणी लागतात. मी चिडतो ते आक्कांमुळे. आक्का म्हणजे साडूंची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. रेणापूरच्या पुढे आत एक खेडं आहे, तिथल्या जिल्हा परिषद शाळेत त्या बाई आहेत. गाडी घ्यायची ठरली तेव्हा साडूंनी घरात भाषण केलं होतं की आता दोघांनी मिळून जायचं, हिची एसटीतली दगदग संपली. आक्का फार बोलत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी शिरा केला होता.

गाडीची पूजा दारात झाली. आक्कांनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांना कुंकू लावलं, स्टिअरिंगला लावलं, आणि मग सगळ्यात मोठा मान कोणाचा आहे हे साडूंच्या तोंडून आठवडाभर ऐकल्यामुळे ओल्या बोटाने स्क्रीनवर स्वस्तिक काढायला घेतलं. पहिल्या रेघेला गाणं सुरू झालं. दुसऱ्या रेघेला आवाज वाढला. तिसऱ्या रेघेला साडूंच्या साहेबांना फोन लागला आणि साहेबांचा आवाज गल्लीभर घुमला, “काय हो, ताप उतरला का?” साडूंनी त्या दिवशी तापाची रजा टाकली होती. मागे गाण्यातलं ढोलकं वाजत होतं. घाबरून आक्कांनी ओल्या पदराने स्क्रीन पुसली, तर तिच्यावरची भाषा बदलून तेलुगू झाली. आणि साडू सगळ्या गल्लीसमोर ओरडले, “अगं, कळत न्हाई तर हात कशाला लावतीस! गाडी हाय ती, परात न्हाई!”

आक्कांनी हळदी-कुंकवाचं ताट उचललं आणि त्या आत गेल्या. शिक्षिका बाई, चाळीस पोरांसमोर उभी राहणारी, शेजाऱ्यापाजाऱ्यांत परातीवर आली. दुसऱ्या दिवशी साडू गाडी काढून हॉर्न वाजवत राहिले, पण आक्का त्याआधीच एसटी स्टँडकडे गेल्या होत्या. रोज तसंच. माझी बायको रोज मला पोळी वाढताना म्हणते, “बसा, बसा आक्काच्या जागेवर.” मी साडूंना दोनदा विचारलं. एकदा ते म्हणाले, “तिच्या गावचा रस्ता नकाशात न्हाई, मग जायचं कसं?” दुसऱ्यांदा म्हणाले, “तिला एसटीच मानवते.” मानवते! मान वाकडी करून दांडीला लोंबकळणं कोणाला मानवतं, हे मला एकदा शरीरशास्त्राच्या सरांना विचारायचं आहे. आक्कांचा फोन आला की स्क्रीनवर ‘घर’ अशी अक्षरं येतात. साडू तो बोटाने बाजूला सारायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, “नकाशा झाकतोय वो.”

यंदा साडूंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं की डोळा बरा होईपर्यंत गाडी चालवायची नाही. कचेरीत जायला हरकत नव्हती. साडूंनी ड्रायव्हर शोधायला सुरुवात केली. दोघे येऊन गेले. एकाला त्यांनी स्क्रीनची माहिती तासभर दिली, तो पुन्हा आला नाही. दुसऱ्याने स्क्रीनला टेकून चहाचा कप ठेवला. मग एका सकाळी मी गेलो तेव्हा साडू डोळ्याला हिरवा चष्मा लावून गाडीजवळ उभे होते आणि आक्का पर्स खांद्याला लावून समोर.

“चावी द्या,” आक्का म्हणाल्या.

“तुला येतंय?”

“उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकले. लायसन हाय.”

“मला बोलली न्हाईस?”

“तुमी विचारलं न्हाई.”

“अगं, पण ती स्क्रीन—”

“तिच्याकडं तुमी बघा. एका डोळ्यानं का होईना.”

त्यांनी चावी घेतली, पदर खोचला, आरसा आपल्या बाजूला फिरवला आणि स्वतःचा फोन जोडला. कसा जोडला ते साडूंनी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. साडू त्यांच्या शेजारी, माझ्या रोजच्या जागेवर बसले, दोन्ही हातांनी सीटची कड धरून; मी मागे. नाका ओलांडेपर्यंत ते ‘ब्रेक, ब्रेक’ म्हणत होते. पुढे ते म्हणायचं थांबले, कारण फोन वाजला.

“बाई, मी कोमलची माय बोलायले. पोरगी रात्रीपासून तापली हाय. पाठवू का?”

“पाठवू नको. गोळी दिलीस का? पट्ट्या ठेव कपाळावर. दुपारी मी येऊन जाते.”

तो ठेवला तर दुसरा. कोणाची तरी आजी होती. “बाई, ही आमची रुसून बसलीय, येत न्हाई म्हणायली. तुमीच बोला.” मग आक्कांचा आवाज असा झाला, जो मी पंचवीस वर्षांत ऐकला नव्हता. “काय गं, आज प्रार्थना कोण म्हणणार? तुझ्याबिगर सुरू कशी करू मी?” चारही कोपऱ्यांतून आधी नुसता नाक ओढल्याचा आवाज आला. मग बारीकसं, “येते बाई.”

साडू चष्म्याआडून समोर पाहत होते. मग म्हणाले, “रोज येतेत का हे फोन?”

“रोज.”

“मग एसटीत कसं बोलायचीस?”

“दांडी धरून. एका कानाला बोट लावून.”

रेणापूर आलं तेव्हा आम्ही दोघे उतरलो. साडूंनी दार लावलं, पुन्हा उघडलं आणि आत वाकून ते म्हणाले, “तवा दारात मी जे बोललो, ते... लोकांसमोर बोलायला नको होतं.” “घरात तरी कशाला बोलायचं?” आक्का म्हणाल्या आणि गाडी घेऊन आपल्या खेड्याकडे गेल्या. रस्ता नकाशात नव्हता. गाडीला हे कोणी सांगितलं नसल्यामुळे ती व्यवस्थित पोचली.

डोळा बरा झाला. डॉक्टरांनी गाडीची परवानगी दिली. त्या सकाळी साडू चावी बोटाभोवती फिरवत बाहेर आले, ड्रायव्हरच्या दाराशी गेले, आणि थोडा वेळ तिथे रेंगाळून वळसा घालून पलीकडे जाऊन बसले. आक्कांच्या हातात चावी देताना म्हणाले, “तूच चालव. मला फोन उचलायचेत.” आणि ते उचलतात. घंटा वाजली की स्क्रीनवरचं नाव मोठ्याने वाचतात, आक्कांकडे पाहतात, त्यांनी मान हलवली की हिरवं बटण दाबतात. परवा तर आक्कांनी तोंड उघडण्याआधीच त्यांनी विचारलं, “कोमलचा खोकला गेला का?” पलीकडून जरा गोंधळून उत्तर आलं, “गेला. तुमी कोण?” साडू स्क्रीनकडे वाकले. “मी बाईंच्या गाडीत असतो,” ते म्हणाले.

हे ऐकताना मला गलबलून आलं. दोन माणसं एका घरात राहूनही एकमेकांचा दिवस कसा चालतो हे त्यांना ठाऊक नसतं, आणि कधी कधी ते कळायला अशा अवाढव्य यंत्राची गरज लागते. यंत्रयुगाविषयी माझी सगळी मतं एकदा तपासून घ्यावीत, असंही वाटलं. फक्त, मी आता बसतो त्या मागच्या सीटवर एसीची हवा येत नाही.