मिश्रीला कुणी तंबाखू म्हणत नाही

आमच्या घरात व्यसनी म्हणून एकाच माणसाचं नाव घेतलं जायचं, ते म्हणजे माझे सासरे. त्यांना दिवसाला बिडीचं एक बंडल लागायचं. ते खोकायला लागले की सासूबाई स्वयंपाकघरातून शिव्या घालायच्या, आणि शिव्या घालता घालता स्वतःची मिश्री भाजायच्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत परतायची, कुटायची, डबीत भरायची. त्या धुराने सगळं घर ठसकायचं. पण बिडी ओढणारा नवरा व्यसनी आणि मिश्री लावणारी बायको घरंदाज, असा आमचा न्याय. मिश्रीनं दात घट्ट राहतात म्हणे. आता दात घासण्याला कुणी व्यसन म्हणतं का?

पहिल्या बाळंतपणात माझी दाढ ठणकायला लागली तेव्हा सासूबाईंनीच चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवली. पहिल्या दिवशी गरगरलं, उलटी झाली. दुसऱ्या आठवड्यात मीच मागायला गेले. खोटं कशाला बोलू, दाढेचं नुसतं निमित्त, मला ती सकाळची वेळ आवडायला लागली होती. मोरीच्या कट्ट्यावर आम्ही दोघी बसायचो, दातांवरून बोट फिरत असायचं. तोंडात मिश्री असली की बाईनं हाकेला ओ दिली नाही तरी कुणी रागावत नाही. महाळुंग्यातली आमची जमीन कंपन्यांना गेली, घरापुढे भाड्याच्या खोल्या उठल्या, आणि भाडेकरूंचं पाणी, लाइट, भांडणं सगळं आम्हा बायकांच्या गळ्यात पडलं. दिवसभरातली तेवढी पंधरा मिनिटं आमची होती.

पुढे मीही कंपनीत लागले. गेटवर पुरुषांचे खिसे तपासून तंबाखूच्या पुड्या काढून घेतात. माझ्या पर्समधली डबी उघडून गार्डबाईनं एवढंच विचारलं, दाढ दुखते का ताई? मी मान डोलावली. एका शिफ्टमध्ये चार-चार वेळा बाथरूमला जायचे मी. आणि सुट्टीत टपरीवर राव-भावा करत एकमेकांकडे चिमूट मागणाऱ्या पुरुषांना नावं ठेवायचे. मोठी शहाणी!

तीन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या गालात आतून फोड आला. चाकणला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. तंबाखू खातात का, असं त्यांनी विचारलं. मी ताडकन नाही म्हटलं. वर, आमच्यात बायका असलं काही करत नाहीत, हेही सुनावलं. आणि शपथेवर सांगते, खोटं बोलतेय असं मला तेव्हा वाटलंही नाही. डॉक्टरांनी मलम दिलं, गुळण्या करायला औषध दिलं. त्यात दोन महिने गेले. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात कॅन्सर आहे असं कळलं तोवर तो जबड्यापर्यंत पोचला होता. ते दोन महिने माझ्या 'नाही'मुळे गेले, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

ऑपरेशनमध्ये अर्धा जबडा आणि जिभेचा तुकडा गेला. सासूबाई वाचल्या, पण आता पेज आणि पातळ वरण यावर आहेत. पदराने लाळ पुसत असतात. बोलणं असं झालंय की घरात फक्त मला समजतं. दर तीन महिन्यांनी तपासणीला मीच त्यांना घेऊन जाते. डॉक्टर प्रश्न त्यांना विचारतात आणि उत्तरासाठी माझ्याकडे बघतात.

त्यांनी मिश्री सोडली. मी नाही सोडली. लिहायलासुद्धा लाज वाटते, पण त्यांची जखम पुसायची, हात धुवायचे, आणि त्याच बोटानं बाथरूममध्ये दाराला कडी लावून मिश्री लावायची, हा माझा रोजचा दिवस होता. नाही लावली की डोकं फुटायचं, कंपनीत लाइनवर हात चालायचे नाहीत, पोरांवर वसावसा ओरडायचे. दोनदा डबी कचऱ्याच्या गाडीत टाकली आणि संध्याकाळी दुकानातून नवी पुडी आणली.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला. माझं धाबंच दणाणलं. त्या दिवसापासून सकाळी उठले की आधी मोबाइलचा टॉर्च लावून आरशात बघायचे. कधी वाटायचं कमी झालाय, कधी वाटायचं पसरलाय. सासूबाईंच्या वेळी डॉक्टर तोंडात तीन बोटं उभी जातात का ते बघायचे, म्हणून मीही बघायचे. माझी दोन जायची, तिसरं अडायचं. नवऱ्याला बोलले नाही. त्याने दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतं, आणि नेलं असतं तर कळलं असतं. मला ते कळायलाच नको होतं. माझा जबडा काढलाय आणि मी पदराने लाळ पुसतेय, असं चालत्या लाइनवर उभ्या उभ्या डोळ्यांसमोर यायचं.

तिखट लागलं की चट्ट्याला आग व्हायची, म्हणून मी ठेचा सोडला. आमटीत दही घालून भात गिळायचे. कुणाच्या लक्षात आलं नाही. पण जिला स्वतःला खाता येत नाही ती दुसऱ्याच्या ताटाकडे बघत बसते. सासूबाईंचं दुखणंही असंच ठेच्यापासून सुरू झालं होतं. त्या घरात काही बोलल्या नाहीत.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरबाईंनी बोलावल्यावर सासूबाई खुर्चीत बसेचनात. माझा दंड धरून त्यांनी मलाच खुर्चीकडे ढकललं. आधी स्वतःच्या गालावर बोट ठेवलं, मग माझ्या. मला पळून जावंसं वाटलं. पण दंडावरची पकड सुटेना, म्हणून बसले. डॉक्टरबाईंनी दिवा ओढला, चट्टा दाबून बघितला. म्हणाल्या, हा चांगला दिसत नाही, तुकडा काढून तपासायला पाठवू, त्याशिवाय मी काही सांगणार नाही. मग त्यांनी विचारलं, "तंबाखू किती वर्षं?"

माझ्या तोंडून पुन्हा नाहीच निघणार होतं. तेवढ्यात सासूबाई बोलल्या, "म्याच लावली हिला."

डॉक्टरबाईंना ते समजलं नाही. नेहमीसारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतायत?"

"म्हणतायत, हिला मिश्रीचं व्यसन आहे," मी म्हटलं. "अठरा वर्षं झाली. कुणाचं ऐकत नाही."

सासूबाईंना ऐकू चांगलं येतं. त्यांनी जोरजोरात नाही नाही अशी मान हलवली आणि पुन्हा तेच बोलल्या. डॉक्टरबाईंना पुन्हा समजलं नाही आणि मी पुन्हा सांगितलं नाही. मग त्या हातानं सांगायला लागल्या. माझ्याकडे बोट करायचं आणि स्वतःच्या छातीवर मारून घ्यायचं, पुन्हा माझ्याकडे बोट, पुन्हा छातीवर. मी खुर्चीतून उठून त्यांचा हात धरला, पण त्या थांबेनात.