अंबादासमामांची साक्ष

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, चर्चच्या पाळकांना नाही. देवाला — म्हणजे त्याला माहीतच आहे, पण प्रार्थनेतही मी आपली गोलगोल बोलत राहते.

आमच्या मंडळीत रविवारी साक्ष देतात. देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. मला छान बोलता येतं, हेच माझं दुखणं. अंबादासमामांबद्दलची माझी साक्ष तर लोक अजून मागून ऐकतात.

मामा जुळे सोलापुरात आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. सगळी हयात चादरीच्या कारखान्यात मागावर गेली. चर्चची पायरी कधी चढले नाहीत. शेवटच्या आजारात मी दवाखान्यात गेले, तेव्हा त्यांनी — थांबा, आधी साक्ष सांगते. मी सांगत आले की मामांनी माझा हात धरून प्रार्थना केली, येशूला आपलं म्हटलं आणि शांतपणे गेले.

असं काही झालं नाही.

त्यांनी विचारलं होतं, “ताई, तुमचा देव मला बी घेतो का हो? लई उशीर झाला की.” संडे स्कूलमध्ये मी मुलांना हेच तर शिकवते — तारण, म्हणजे पापातून सुटका, कमवायचं नसतं, देव देतो, जग घडवायच्या आधीपासून ठरवून देतो, त्याला उशीर कसला? पण दारात त्यांचा मुलगा उभा होता. मरणाऱ्याला बाटवलं म्हणाला तर? मी घाबरले. आधी बरे व्हा, मग बोलू — असं म्हणून मोसंबी ठेवली आणि निघाले. दुसऱ्या दिवशी मामा गेले.

मग साक्षीत खोटं का बोलले? लाज झाकायला, दुसरं काय? पण ती साक्ष त्यांच्या बायकोच्या, लक्ष्मीअक्कांच्या कानावर गेली आणि त्या चर्चला येऊ लागल्या. त्यांचा विश्वास खरा आहे, माझ्यापेक्षा खरा. या रविवारी त्यांचा बाप्तिस्मा. काल जिन्यात म्हणाल्या, “आता मी बी तितंच जाणार की. ह्यांना भेटणार.” मी मान डोलावली. तेव्हापासून भाजी निवडायला बसले तरी हात थांबतात.

देव माझ्या एका वाक्यासाठी अडून बसत नाही, हे मला ठाऊक आहे. खोट्या साक्षीतूनही त्यानं अक्कांना बोलावलंच. मामांनाही माझ्यावाचून नेलं असेल — का नाही? याच शिकवणीची उशी करून मी इतकी वर्षं झोपले. पण त्या दुपारी मामांनी विचारलं मला होतं. आणि मला उत्तर येत होतं.