दाजींचा आयतवार

काईल सुटली! गुळाची काईल, चुलवानावर रस आटवायची ती एवढी थोरली लोखंडी कढई, नदीच्या पान्यात गरागरा फिरत चालली अन् तिच्यात माजा लेक! काठावर आमचं दाजी, हातात नुस्ता कासरा, ज्येचा बैल सुटून पळालाय त्या मानसावानी उभं.   सांगते, समदं सांगते, पन आदी ह्यो मानूस कोन त्ये सांगाया पायजे, न्हाईतर तुमी बी त्येला शिव्या द्याल, अन् गावानं दिल्या तेवढ्या बास झाल्यात. आमच्या दाजींवानी दुसऱ्याच्या पोरांचं खूळ लागलेला मानूस सातारा-सांगलीत दिवा घिऊन हुडकला तरी गावायचा न्हाई.

दाजी म्हंजी माज्या थोरल्या भनीचं मालक. आमी दोगी भनी माणदेशातल्या, दोगी बी हितं आष्ट्याच्या अंगाला किस्नेच्या काठच्या गावात दिल्या. माणात पानी म्हंजी हंड्याच्या तळाला हलतं तेवढंच. लगीन होऊन आले अन् पयल्यांदा नदी बघितली तवा मी आक्काला म्हनलं, "आगं, एवढं पानी असं उघड्यावर टाकलंय?" दाजी मागंच व्हतं. ते हासलं हासलं, पार पटका सुटला डोक्याचा, अन् सांजच्याला गावात ज्येला त्येला सांगत सुटलं, "आमच्या मेव्हनीला नदीवर झाकन पायजे." आजून बी बाया पान्याला निघाल्या की मला इचारत्यात, "शाले, झाकन आनलंस का गं?" पन खरं सांगते, मला तवा बी भ्या वाटत व्हतं अन् आज बी वाटतंय. चौथीतनं साळा सुटली माजी, मला जास्त कळत न्हाई, पन पान्याला तळ दिसंना म्हंजी त्येच्यावर इस्वास ठिवू ने एवढं कळतं.

माजं मालक मिलट्रीत. वर्साला एकदा येत्यात, पोराला दोन दिस वळख पटत न्हाई अन् तिसऱ्या दिशी सोडवत न्हाई. घरात मी, माजी सासू म्हंजी आत्याबाई, अन् माजा लेक आण्णा. ऊस हाय थोडा. आक्काला मूलबाळ न्हाई, एवढंच सांगते. बाकीचं सांगाया गाव हाय.

आता आयतवारचं सांगते. आयतवारी साळा बंद, पन ऊस काय बंद नसतो. तणाची भांगलन असती, वाळल्या पाचटाचं काम असतं, बाया रानात, अन् पोरं कुठं ठिवायची? बारक्याला पाटाकडंला निजवायचं तर पाटाचं भ्या, घरात कोंडायचं तर चुलीचं भ्या. त्ये दाजींनी मनावर घेतलं. आयतवारी ऊन वर आलं की आळीच्या तोंडाला उभं ऱ्हाऊन वराडायचं, "चला रं! आज कुनाची आई मोकळी करायचीय?" की समदी पोरं, नाकं पुसलेली, न पुसलेली, भाकरीचा तुकडा हातात तशीच, पळत सुटायची. दाजींचा एकच कायदा. घरनं निघताना आक्काच्या म्होरं सदऱ्याचा खिसा उलटा करून दावायचा. "बघ, कायबी न्हाई. खिशात पैसा असला की पोरं खिशाकडं बघत्यात, नसला की दुनियेकडं बघत्यात." आक्का म्हनायची, "आवं, पैसा असता तर हे सुचलं असतं का तुमास्नी?" तर म्हनायचं, "म्हनून तर ठिवत न्हाई."

कुठं न्यायचं म्हनाल तर कुठं बी. इष्टी बघाया आष्ट्याला न्यायचं चालत. स्टँडवर भिंतीला लावून पोरं बसवायची अन् इष्टीतनं उतरनाऱ्या मानसाच्या बोचक्यावरनं वळखायचं, ह्यो कुठला, कुठं निघालाय, बायकूशी भांडून आलाय का गोडीनं आलाय. एकदा रहिमतपूरकडचा कोन पावना टोपी नीट करीत खाली उतरला, बघतो तर एवढी पोरं डोळं फाडून त्येच्याकडंच बघत्यात. त्येला वाटलं आपल्यालाच घ्याया आल्यात. बिचाऱ्यानं हात जोडलं. तर दाजींनी बी जोडलं, अन् पोरांनी समद्यांनी जोडलं. पावन्याच्या डोळ्यांत पानी आलं म्हनं, अन् कोनाच्या घरी चाललाय त्येच इसरला. तासभर पोरांपाशीच बसला.

एकदा ऊस घालाया गाडी कारखान्याला चालली तवा दाजींनी पोरं बी संगं न्हेली, ऊस उतरल्यावर रिकाम्या गाडीत समदी भरली अन् काट्यावरच्या मानसाला म्हनलं, "ह्या मालाचं बी वजन करा." त्यो बी हौशी निघाला. समदी पोरं मिळून चांगल्या रेड्याएवढी भरली. आळीत आल्यावर ज्येची त्येची आई इचाराया लागली, "आमच्याचं किती भरलं?" दाजी रागावलं. "वजन समद्यांचं मिळून हाय. वाटनी करायची न्हाई त्येची."

अन् आगीनगाडीचं तर काय सांगू. बैलगाडी जुपून रूळापतूर नेली पोरं, अन् गाडीला ही एवढी येळ. निम्मी पोरं पेंगली. लांबनं शिट्टी ऐकू आली तसं दाजी एकेकाला हालवून उठवाया लागलं, अन् एकेकाचं तोंड हातानं धरून रूळाकडं फिरवाया लागलं. गाडी धडाडधडाड करत गेली बी. घरी आल्यावर मी इचारलं, "दाजी, कशी व्हती वं गाडी?" तर म्हनलं, "मला काय ठावं? माजी पाठ व्हती तिच्याकडं. मी ह्यांची तोंडं बघत व्हतो." मला तवा हासू आलं. आता येत न्हाई.

मी माज्या आण्णाला सुखानं कवाच सोडला न्हाई. पोरं म्होरं, दाजी मदी, अन् मागं लांबनं मी, डोईवर पदर घिऊन, कायतरी आनाया निघाल्यावानी. दाजी मागं बघून वराडायचं, "शाले, सरकारनं सोडलंय का तुला आमच्या मागं, सीआयडी म्हनून?" मी म्हनायची, "तुमच्यावर इस्वास हाय वं दाजी, पर दुनियेवर न्हाई." तर म्हनायचं, "मग दुनियेच्या मागं जा की, माज्या मागं कशाला येतीस?"

तर ती काईल. दिवाळी सरली की गुऱ्हाळ लागायचं, त्येच्या आदी काईल नदीवर न्हिऊन राखंनं घासायची असती. ते काम दाजींचं. ह्या साली म्हनलं, काईल बी धुतो अन् पोरास्नी नावंत बी बसवतो. आमच्या हितं महापुरात मानसं काईलीत बसूनच पैलतीरी जात्यात, गावाला त्येचं काय नवं न्हाई. नवं मलाच. मी घाटावर पान्याकडं पाठ करून बसले व्हते, डोळ्यांनी बघवंना म्हनून. दाजींनी काईलीच्या कडीला कासरा बांधला अन् तीन-तीन पोरं बसवून काठाकाठानं फिरवाया लागलं. पोरं किंचाळत व्हती, हासत व्हती. मग एकदम हासायची थांबली. मी वळले.

कडी घासून घासून आरशावानी केलेली. गाठ सरकली.

काईलीत दोन पोरी अन् माजा आण्णा. पोरी शान्या, हुंबऱ्यावर बसल्यावानी गप बसलेल्या. अन् आण्णा मला बघून उठून उभा ऱ्हायला अन् माज्याकडं हात कराया लागला. काईलीला तळ असतो गोल. पोरगं एका अंगाला झुकलं की दुसरी कड वर. दाजींनी पटक्यासकट पान्यात उडी टाकली. पन ते पोचायच्या आत ह्यो खाली बसाया पायजे. अन् मी काय वराडले म्हाईत हाय? "आण्णा, बसा! आवं, बसा की वं!"

तुमी हासाल. पन माज्या लेकाला मामंजींचं नाव ठिवलंय. मामंजी आता न्हाईत, पन सुनंनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, मग लेकाला हाक कशी मारायची? म्हनून मी त्येला आण्णा म्हनते अन् आवंजावं करते. "आण्णा, जेवा." "आण्णा, नाक पुसा." त्येला वाटतं आईचं बोलनंच तसं. बसा म्हनलं की त्येला वाटतं लाडात म्हनती. त्यो आनखी नाचाया लागला. काईल कलली. पोरी आरडल्या. अन् माज्या पोटातनं, मला ठावं न्हाई कुठनं, मामंजींचं पुरं नाव निघालं, उघडं, मागं फुडं काय न लावता, अन् त्येच्या मागनं एक घान शिवी. "खाली बस!" नाव मी हितं बी सांगत न्हाई. पोरानं उभ्या जन्मात ते नाव माज्या तोंडून ऐकलं नव्हतं. कोन वराडलं कळंना त्येला. मटकन खाली बसलं अन् भोकाड पसरलं.

दाजी पोचलं. एका हातानं काईल धरली, दुसऱ्यानं पानी तोडत, डोक्यानं रेटत रेटत खालच्या अंगाला बाभळी हायत तितं लावली. पटका व्हावून गेला. पोरांच्या अंगाला पान्याचा टिपूस न्हाई, अन् दाजी इतकं पानी प्यालेलं की काठावर आडवं पडून वकाया लागलं. वकता वकताच म्हनलं, "शाले, झाकन... झाकन खरंच पायजे व्हतं गं." मी पोराला छातीशी धरून तिथंच बसले. हासू का रडू.

तवर गाव जमलं. आत्याबाई आल्या. त्यास्नी कुनीतरी समदं सांगितलं व्हतं, काईलीचं बी अन् नावाचं बी. माज्याकडं नुस्तं बघितलं. माजा निवाडा घरला गेल्यावर व्हायचा व्हता. दाजींच्या म्होरं जाऊन उभ्या ऱ्हायल्या अन् समद्या गावाच्या देखत म्हनल्या, "सोताचं असतं म्हंजी गाठ नीट मारली असती. ज्येला न्हाई त्येला काय, फुकाटचा ख्योळ." समद्यांनी माना खाली घातल्या. मी बी घातली. आक्का तिथंच व्हती, हातात दाजींचं पायतान घिऊन.

 दाजी उठलं, पायतान घेतलं, बोडकंच घरला गेलं. काईल तिथंच ऱ्हायली, दुसऱ्या मानसांनी आनली.

त्येला आता दोन-चार आयतवार झालं असतील. आळीच्या तोंडाला कोन वराडत न्हाई. पोरं सकाळी दाजींच्या दारात जाऊन नुस्ती उभी ऱ्हात्यात अन् मग आया त्यास्नी वडत आनत्यात. परवा एक बाई भांगलायला जाताना पोराचा पाय खाटंच्या खुराला बांधून गेली, पोराच्या पायाला वळ उठलं. आमच्या घरात आत्याबाई माज्याशी बोलत न्हाईत. पोराला ताप आला तवा एवढंच म्हनल्या, "नाव घेतलंस न्हवं." ताप उतरला, पन माज्या डोस्क्यातनं काय उतरत न्हाई. रातीला पोराचा पाय हलला तरी मला काईल हललेली दिसती.

आक्का आली व्हती. परड्यातनं आली, आत्याबाईंना चुकवून. म्हनाली, "शाले, ते नीट जेवत न्हाईत गं. आयतवारी तर ताटावर बसतच न्हाईत. मी लई बोलते, भांडते बी, पन त्येंचं त्वांड बघवत न्हाई. बाकीच्या बाया तुज्याकडं बघत्यात. तुजं पोरगं त्येंच्यासंगं गेलं तर समद्यांची जातील." मी म्हनलं, "आक्का, तू पान्यात बघितलं न्हाईस त्येला." ती म्हनली, "न्हाई बघितलं. मी कुनालाच कवा बघितलं न्हाई." अन् उठून गेली. ती गेल्यावर मला कळलं, ती सोताच्या रिकाम्या वटीचं बोलली.

आज आयतवार. ऊन वर आलं तवा दाराम्होरं खाकरल्याचा आवाज आला. दाजी. डोईला दुसराच पटका, कुनाचा मागून आनलेला का काय, नीट बांधायला जमला न्हाई. पायरी चढलं न्हाईत. माज्याकडं बघितलं न्हाई, पायाकडं बघून बोललं. "शाले, पान्याकडं न्हाई नेत. नुस्तं इष्टी बघाया. हात सोडनार न्हाई त्येचा. पायजे तर पाठीवर घिऊन जातो." अन् मग, दाजींनी कवा असं केलं नव्हतं, हात जोडलं. मला. मी त्येंच्या लेकीवानी.

आत जात्याची घरघर थांबली. आत्याबाई ऐकत व्हत्या. आळीतल्या बाया आपापल्या दारात आल्या, कुनाच्या हातात केरसुनी, कुनाच्या कडंला पोर, समद्या माज्याकडं बघाया लागल्या. आण्णानं एका पायात चप्पल घातली बी व्हती, दुसरी हुडकत व्हता. एक हात माज्या हातात, घट्ट मीच धरलेला, अन् दुसरा दाजींकडं लांब केलेला.

तुमास्नी बी पोरं असतील. तुमी काय केलं असतं वं?